कुत्र्यांच्या वीकेंड कॅम्पच्या नावाखाली १५,२०० रुपये गेले, पवनाला जाणाऱ्यांनी वाचा

हे लिहायला तीन आठवडे लागले कारण लाज वाटत होती, अजूनही वाटते. सासरी आम्ही सांगितलेलंच नाही, त्यांना वाटतंय कॅम्प कॅन्सल झाला. पण आमच्यानंतर अजून कोणी कुत्र्याला गाडीत घालून त्या शेताच्या बांधावर जाऊन उभं राहू नये म्हणून लिहितेय.

आमची कुत्री बुंदी इंडी आहे, म्हणजे गावठी, अडीच वर्षांची, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेली. ज्यांच्या घरी इंडी आहे त्यांनाच कळेल, कुठेही न्यायचं म्हटलं की समोरचा आधी ब्रीड विचारतो. दोन रिसॉर्टवाल्यांनी तर तोंडावर सांगितलं की पेट फ्रेंडली म्हणजे लॅब, गोल्डन, शित्झू, गावठी नाही चालणार. त्यामुळे इन्स्टाग्रामवर ती जाहिरात दिसली, पवना लेकच्या काठी डॉग कॅम्प, १७ आणि १८ जानेवारी, टेंट, कुत्र्यांना पोहायला वेगळी जागा, ट्रेनरचं सेशन, रात्री त्यांच्यासाठी चिकन भात, तेव्हा मी पहिला मेसेज हाच टाकला की आमची इंडी आहे, चालेल का. दोन मिनिटांत उत्तर आलं, "मॅडम इंडी म्हणजे आपली देशी, तिला आधी एंट्री." तिथेच मी विरघळले. पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे झालं.

पैसे असे गेले. दोघं मोठे, एक मुलगा आणि बुंदी मिळून ९,०००, त्यातले ४,५०० ॲडव्हान्स. संक्रांतीच्या दिवशी उरलेले ४,५००, कारण "आज फुल पेमेंट केलंत तर पाण्याजवळचा टेंट." गुरुवारी ५,००० डिपॉझिट, कुत्र्याने टेंट फाडला तर म्हणून, निघताना परत मिळणार. आणि शनिवारी सकाळी आम्ही सोमाटण्याच्या टोलजवळ असताना १,२००, गाडी आणि फॉरेस्ट एंट्रीचा पास. एकूण १५,२००. बुंदीसाठी १,८५० चं लाइफ जॅकेट घेतलं ते वेगळंच.

यूपीआयवर नाव कॅम्पचं नव्हतं, एका माणसाचं होतं, आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्याच माणसाचं. दिसलं होतं मला. विचारलंही, तर कॅम्पवाला म्हणाला अकाउंटंटचा नंबर आहे. आता सगळे म्हणतात तेव्हाच कळायला हवं होतं, पण आमचा दूधवाला, क्लासच्या मॅडम, अगदी बुंदीचे डॉक्टर, सगळेच पर्सनल नंबरवर पैसे घेतात, मग एकट्या ह्याच्यावरच संशय का घ्यायचा?

खरं कळायला हवं होतं ते दुसरीकडेच आणि तेच मला रात्री झोपू देत नाही. संक्रांतीच्या संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी बुंदीची फाइल मांडीवर घेऊनच बसले होते. मी म्हटलं व्हॅक्सिनेशन कार्ड पाठवते, अँटी रेबीज झालंय, नाइन इन वन झालंय, केनेल कफचं पण घेतलंय, तर म्हणाला "नको मॅडम, काही गरज नाही, आपल्याकडे सगळ्यांना एंट्री." मी फाइल मिटली आणि नवऱ्याला म्हटलं, बघ किती साधा माणूस आहे. अहो, वीस पंचवीस अनोळखी कुत्री एका मैदानात सोडणारा माणूस लसीचं कार्ड बघत नाही? मादी आहे म्हटल्यावर ऑपरेशन झालंय का, हीटमध्ये आहे का, हे विचारत नाही? चावते का, इतर कुत्र्यांवर धावून जाते का, गोचिडांचं औषध कधी दिलं? एका रात्रीच्या बोर्डिंगला ठेवलं होतं तेव्हा तिथल्या मुलीने हे सगळं विचारून मला हैराण केलं होतं. ह्याने एक प्रश्न विचारला नाही, कारण त्याच्याकडे कुत्री येणारच नव्हती. हे पक्कं लक्षात ठेवा, जो तुमच्या कुत्र्याबद्दल काहीच विचारत नाही त्याला एक रुपया देऊ नका.

कामशेतवरून आत वळून पवनानगरच्या पुढे साडेदहाला लोकेशनवर पोचलो. कापलेल्या भाताची खाचरं, काट्यांचं कुंपण, समोर तिकोना, बस. बुंदी खिडकीतून नाक बाहेर काढून शेपटी हलवत होती, तिला वाटलं आलो. मुलगा विचारतोय टेंट कुठे आहेत. पावणेअकराला त्याचा फोन बंद. रस्त्यावरच्या चहावाल्या आजोबांनी आमच्याकडे बघूनच ओळखलं, म्हणाले या महिन्यात तुमची तिसरी गाडी, आणि काही न बोलता घमेल्यात पाणी भरून बुंदीपुढे ठेवलं. मी तिथे रडले.

दोन तास आम्ही त्याला फोन लावण्यात घालवले, हे करू नका. पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. आम्ही सव्वा वाजता लावला, लाइन बिझी, चाळीस मिनिटांनी लागला, तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. पेमेंटचे बारा आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा, तेच पहिले मागतात.

तिथल्या पोलिसांनी सांगितलं पैसे पुण्यातून गेलेत, तिकडे तक्रार द्या. पुण्यात आलो तर म्हणे घटना तिकडची, हद्द आमची नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्द काहीही असो, हे मी तिथे उभं राहून मोबाईलवर दाखवलं, तर साहेब म्हणाले मॅडम तुम्ही वकील आहात का. आणि एकजण हसून म्हणाला, कुत्र्यांची पण पिकनिक असते होय? माझा मुलगा शेजारी उभा होता. चोराने लुटलं त्याच्यापेक्षा ते हसणं जास्त लागलं मला. कुत्र्यासाठी खर्च केला म्हणजे आमचे पैसे पैसे नाहीत का? तीन फेऱ्यांनंतर नुसता अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली, गुन्हा नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात, आमची जबाबदारी नाही. लेखी तक्रार केलीय, तीस दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार, ते ऑनलाइन आणि फुकट आहे, तुम्हीही करा, सोडू नका. आतापर्यंत एका खात्यात १,१४० रुपये होल्ड झालेत. पंधरा हजार दोनशेपैकी.

बुकिंगआधी व्हिडिओ कॉल मागा, तोही आत्ताच्या आत्ता, जागेवरून. कुत्र्याचं डिपॉझिट फक्त तिथे पोचल्यावर. फोटो नीट बघा, आमच्या त्या पेजवर एका फोटोत मागे देवदारासारखी झाडं होती, पवनाला कुठून येणार देवदार, आणि मी बुंदी पाण्यात कशी उतरेल याच विचारात होते.

परवा तेच पेज नव्या नावाने दिसलं, तेच फोटो, फेब्रुवारीच्या तारखा. खाली एका मुलीने विचारलंय, माझा बीगल आवाजाला घाबरतो, चालेल का. तिला लगेच मेसेज टाकलाय. अजून तिने बघितलेला नाही.