डीपीएफ काढलेली पिकअप आणि न काढलेली गाडी: एकाच अंगणातला अनुभव

आमच्या अंगणात दोन डिझेल गाड्या उभ्या असतात. माझी एसयूव्ही आणि धाकट्या भावाची भाजीची पिकअप, दोन्ही बीएस-६. भावाने गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून घेतला, मी ठेवला. आता बरेच महिने झालेत. बेळगाव-खानापूर भागात डीपीएफचा लाइट लागला की पहिला सल्ला "काढून टाका की ओ, कटकटच नको" असाच मिळतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लाइट खरं तर माझ्याच गाडीचा सारखा लागायचा. अनगोळ ते उद्यमबाग, मध्येच बाजार, रेल्वे गेट पडलं की इंजिन चालू ठेवून थांबायचं, एवढंच तिचं रनिंग. डीपीएफ म्हणजे सिरॅमिकचं मधाच्या पोळ्यासारखं नळकांडं. त्याच्या वाहिन्या एकाआड एक बंद असतात, त्यामुळे धूर सच्छिद्र भिंतीतून गाळून बाहेर पडतो आणि काजळी आत अडकते. ती जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. त्यासाठी इंजिन थोडं जादा डिझेल सोडतं. हे काम पंधरा-वीस मिनिटं सलग चालावं लागतं, आणि माझा प्रवास त्याआधीच संपायचा. जाळणं अर्धवट राहिलं की त्या जादा डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं, बोटाला पातळ लागत होतं आणि डिझेलचा वास येत होता. हे इंजिनच्या बेअरिंगला घातक आहे, लाइटपेक्षा कितीतरी जास्त.

फिटरकडून स्कॅनर लावून फिल्टर किती भरलाय आणि फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक किती, हे बघून घेतलं. गॅरेजातच उभ्या गाडीवर रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळण्याचं काम, करून घेतलं. ऑइल बदललं, तेही मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कमी राखेचंच. ऑइलची राख फिल्टरमध्ये जळत नाही, साठतच जाते, त्यामुळे इथे स्वस्तातलं ऑइल घालून चालत नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा काकतीवरून हत्तरगीपर्यंत हायवेला गाडी एका वेगात मारून आणतो. आयडलिंग नेहमीपेक्षा किंचित वर, अव्हरेजचा आकडा एकदम खाली आणि गाडीखालून गरम वास आला, की काजळी जळतेय हे आता ओळखता येतं. अशा वेळी घर आलं तरी इंजिन बंद करत नाही, एक फेरी वाढवतो. लाइट पुन्हा लागलेला नाही. डिझेल थोडं जास्त जातं, हे मात्र खरं आहे.

आता भावाची पिकअप. तिचं रनिंग गोव्याच्या भाजीचं, चोर्ला घाटातून, भरलेल्या लोडने. एवढ्या चालीत फिल्टर आपोआप साफ व्हायला हवा होता. तरीही तो भरत होता, म्हणजे दोष दुसरीकडे होता. पण गॅरेजवाल्याने आतला गाभा फोडून काढला, इंजिनच्या कॉम्प्युटरचं मॅपिंग बदलून लाइट कायमचा बंद केला आणि गाडी दिली. सुरुवातीला गाडी हलकी पळते असं भावाला वाटलं. पावसाळा सरता सरता घाटात चढाला मागे काळा लोट दिसायला लागला, अव्हरेजही पडला. शेवटी निदान निघालं गळक्या इंजेक्टरचं. जो लाइट ही खबर देत होता, तोच बंद करून ठेवलेला. गळका इंजेक्टर तसाच राहिला तर पिस्टन जळू शकतो, आणि त्या खर्चापुढे फिल्टर साफ करण्याचा खर्च काहीच नाही.

दिवाळीच्या साफसफाईत मी दोन्ही सायलेन्सरच्या तोंडात एकच पांढरं फडकं फिरवलं. माझ्या गाडीचा भाग जवळपास तसाच राहिला. पिकअपचा भाग तेलकट काळा झाला आणि तो डाग साबणाने निघाला नाही. पिकअप जिथे मागे घेतात तिथल्या भिंतीवरही गुडघ्याएवढ्या उंचीवर काळा पट्टा उमटलाय, आणि त्याच भिंतीपाशी पोरं खेळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलाय. पीयूसीला पास झाली म्हणून गाडी स्वच्छ, असं धरू नका. तिथे धुराचा दाटपणा मोजतात, आणि फुप्फुसात खोल जाणारे कण त्याहून बारीक असतात.

डीपीएफ काढणं कायद्यात बसत नाहीच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती अंगणातल्या धुराची. भावाशी बोलणं झालंय, पिकअपला नवीन फिल्टर बसवायचा ठरलाय. इंजेक्टर आधीच दुरुस्त झालाय, त्यामुळे नवा फिल्टर टिकेल.

कुणी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६, डिझेल गाडी सेकंडहँड घेत असेल, तर थंड सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघा. काजळी दाट लागली तर गाडी लिफ्टवर घेऊन फिल्टरच्या डब्यावर नव्या वेल्डिंगची शिवण शोधा आणि मगच भाव बोला.