गोष्टीतून इतिहास: चौथीच्या वर्गात आठ महिने वापरून

धाराशिव जिल्ह्यातली झेडपीची शाळा, चौथीचा वर्ग, पट २६. जुलैत एका मैत्रिणीकडून इतिहास शिकवायचा हा संच घेतला. यात धडा वाचून प्रश्नोत्तरं उतरवायची नाहीत. मुलांनीच त्या काळातली माणसं व्हायचं आणि दोन-तीन आठवडे एकच गोष्ट पुढं न्यायची. पद्धत मूळची स्कॉटलंडची, १९६० च्या दशकातली.

सगळ्यात रंगला तो आमच्या जिल्ह्यातलं तेर ते गुजरातेतलं भडोच हा घटक. आमच्या पोरांना तेर म्हटलं की गोरोबाकाकांचं देऊळ, बस्स. पण पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यांच्या पुस्तकात तेरचं नाव तगर आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जायचं. भडोचहून पैठण वीस दिवस, तिथून तगर आणखी दहा.

बाकं ओढून आम्ही तांडा केला. पहिल्याच दिवशी एकानं गाडी अडवली, "बाई, मपल्या बैलाला पानी कुठं पाजायचं?" संचात याचं उत्तर नव्हतं. मग नकाशा काढून तेरणा, मांजरा, सिंदफणा, गोदावरी अशा नद्या शोधल्या. तेर-पैठण सरळ मोजलं तर दीडशे किलोमीटर भरतं. एकीच्या आजोबांनी सांगून पाठवलं, भरल्या गाडीला दिवसाला पाच कोस म्हंजे लई झालं. पाच कोस म्हणजे पंधरा किलोमीटर, दहा दिवसांत दीडशे! हिशेब जुळला तेव्हा शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले, एवढा गलका. वर एका पोरीनं चूकही काढली. पुस्तकात तगर पैठणच्या पूर्वेला आहे, नकाशात आग्नेयेला. "लिहिणारा इकडं आलाच नसंल," म्हणाली.

सप्टेंबरातला मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा, म्हणजे निजामाच्या राजवटीतून सुटण्याच्या लढ्याचा घटक मात्र मी तिसऱ्या दिवशी बंद केला. त्यात मुलांना सत्याग्रही आणि रझाकार (निजामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक) अशा भूमिका आहेत. छडी हातात आलेल्या पोरानं खरंच मारलं, आणि वर्गातला एक मुसलमान मुलगा मागच्या बाकावर जाऊन गप्प बसला. नऊ वर्षांच्या लेकरांकडून हे करून घ्यायचं नसतं. भूमिका सोडून आम्ही गावातल्या एका पणजोबांना बोलावलं. निजामाचा हाली रुपया कसा चालायचा, ते त्यांनी सांगितलं. "पंधरा ऑगस्टला आपलं कामून नव्हतं?" या एका प्रश्नावर तास गेला. १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख आता कुणाला पाठ करावी लागत नाही.

आणखी एक गोची. चाचणीत चौघांनी लिहिलं, "राधा नावाच्या व्यापारीणबाईनं भडोचला मलमल विकली." राधा आम्ही रचलेली! तेव्हापासून भिंतीवर दोन रंगांच्या चिठ्ठ्या लावते. पुराव्यातलं निळ्यावर, आपण रचलेलं पिवळ्यावर. संचात ही सोय हवी होती. झेरॉक्सचा खर्च पदरचाच, आणि आठ तासिकांचा म्हणून दिलेला घटक आमच्याकडं वीस खातो.

तांडा मी दसऱ्यानंतर काढला, ही चूक माझी. दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला पोरं जातात. पाच गाडीवान गेले, त्यात बैलाला पाणी विचारणाराही. उरलेल्यांनी त्यांच्या गाड्या पैठणच्या मुक्कामावर ठेवल्या आणि नावाच्या चिठ्ठ्या काढू दिल्या नाहीत. त्या अजून भिंतीवर आहेत, पिवळ्या.

पुढच्या वर्षी तांडा जुलैतच काढणार.