वाल्व्ह प्रीअँप, काही महिन्यांनंतर: नॉब नऊच्या पुढे नेताच येत नाही

सर्व्हिस सेंटरमधून माझा प्रीअँप (स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अँपच्या आधी बसणारा, व्हॉल्युम सांभाळणारा, काचेच्या वाल्व्हवर चालणारा डबा) पुन्हा एकदा ‘तपासला, दोष नाही’ अशी चिठ्ठी लावून परत आला, म्हणून हे लिहायला बसलो. तक्रार पहिल्यापासून एकच आहे. रात्री हळू आवाजात ऐकताना गाणाऱ्याचा आवाज मधोमध न राहता डाव्या स्पीकरकडे सरकतो. आधी त्यांनी व्हॉल्युमचा पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) बदलून दिला. नव्या पॉटनेही तेच केलं, फक्त आवाज आता उजवीकडे झुकू लागला. ‘सर, जरा मोठ्याने ऐका, मग जाणवणार नाही,’ हा वर सल्ला! माझ्या घरात आवाज किती ठेवायचा हे सर्व्हिस सेंटरने का ठरवावं?

बाकी वाजतो उत्तम. गळ्याचा पोत, टाळ्यांचा सुटेपणा, सगळं जागेवर. पण ज्या नॉबला रोज हात लावायचा तो, घड्याळाच्या काट्यासारखा पाहिला तर, आठ ते नऊच्या मध्येच अडकलेला. केसभर फिरवला की घर दणाणतं.

हिशेब मांडला तेव्हा चीड आणखी वाढली. डॅक (डिजिटल गाण्याचा विद्युत सिग्नल करणारा डबा) २ व्होल्ट देतो. माझ्या १०० वॉटच्या पॉवर अँपला पूर्ण ताकदीसाठी जेमतेम १.१ व्होल्ट लागतात. म्हणजे मुळात वाढवायचं काहीच नाही, आणि हा प्रीअँप १८ डीबी (डेसिबल) गेन देतो, म्हणजे सिग्नल आठपट वाढवतो! घरात एरवी एखादा वॉट पुरतो. तेवढ्यावर यायला पॉटला सुमारे ४३ डीबी कापावे लागतात. इतक्या खाली साध्या पॉटचे दोन कार्बन पट्टे, एक डाव्या आणि एक उजव्या चॅनेलचा, एकमेकांशी जुळत नाहीत. कितीही पॉट बदला, तेच होणार. गेनचा आकडा बॉक्सवर नाही, माहितीपत्रकात नाही. तो मला स्वतः मोजावा लागला, याचा राग अजून गेलेला नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि प्रीअँप विकायचं जवळजवळ ठरलं होतं. आता मत बदललंय.

विकून दुसरा घ्यायचा म्हणजे भुर्दंड. त्याऐवजी पॉवर अँपच्या बाजूच्या प्लगमध्ये प्रत्येक चॅनेलला दोन रेझिस्टर डकवले: २२ किलोओहम सिरीजमध्ये, १२ किलोओहम ग्राउंडला. पॉवर अँपचा इनपुट ४७ किलोओहम आहे, तो धरून कपात सुमारे १० डीबी. आता नॉब दहा-अकरापर्यंत येतो आणि गाणारा मधोमध बसतो. ज्याची अपेक्षाच नव्हती तेही झालं: स्पीकरजवळ कान नेला की वाल्व्हची जी सुरसुर यायची, ती खूप कमी झाली. ती पॉटच्या नंतरच्या भागात तयार होते, त्यामुळे नॉब खाली केला तरी जात नव्हती. चार रेझिस्टरांच्या किमतीत हे मिळालं, याचा आनंद वेगळाच आहे!

असंच सिग्नल कमी करणारे तयार ॲटेन्युएटर मिळतात, पण त्यांचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) बघूनच घ्या, तो फार कमी असला तर बेस कापला जातो. या प्रीअँपच्या आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. ४७ किलोओहमवर त्याचा खालचा कट, म्हणजे ज्याच्या खाली बेस गळू लागतो ती फ्रिक्वेन्सी, सुमारे ७ हर्ट्झला येतो, माझ्या रेझिस्टरांसह ११ ला. दोन्ही चालतात. १० किलोओहमवर मात्र तोच कट ३४ हर्ट्झला चढतो. मित्राचा पॉवर अँप तसाच होता. लावून पाहिला तर बेस सरळ पातळ झाला, आणि आम्ही उगाच स्पीकर पुढे-मागे सरकवत बसलो.

म्हणून प्रीअँप ठेवतोय. कंपनीला गेन कमी करणारा एक जम्पर (आत बदलता येणारी छोटी जोडणी) द्या असं लिहून कळवलंय. उत्तर अजून नाही. तुमचा पॉवर अँप १० किलोओहमचा असेल तर हा तसाच थेट जोडू नका. तिथे हेच रेझिस्टर लावले तर गेन उतरेल आणि कटही सुमारे १२ हर्ट्झवर येईल, पण रेझिस्टर नको असतील तर आतला कपॅसिटरच मोठा बसवावा लागेल, आणि मग वॉरंटी गेली.