इम्प्लांट काढल्यानंतर सिलिकॉनची पट्टी: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

कर्करोगामुळे स्तन काढल्यानंतर बसवलेले इम्प्लांट असह्य दुखू लागल्याने काढून टाकावे लागले आणि त्या शस्त्रक्रियेचा व्रण सपाट आणि फिका व्हावा म्हणून गेले काही महिने मी त्यावर सिलिकॉनची पट्टी वापरत आहे. आतले सिलिकॉन काढून तेच बाहेरून चिकटवायचे, याची गंमत ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेलाही वाटली होती.

इम्प्लांटभोवती शरीर तंतूंचे वेष्टन तयार करतेच, पण ते आकसू लागले की दुखणे सुरू होते आणि छातीला रेडिएशन दिलेले असल्यास ही शक्यता वाढते. वेष्टन किती आकसले हे सांगणाऱ्या बेकरच्या ४ श्रेणींपैकी माझी चौथी होती, म्हणजे छाती कडक, बेढब आणि दुखरी. सर्जननी इम्प्लांटबरोबर वेष्टनही काढले, मात्र बरगड्यांना घट्ट चिकटलेला पातळ भाग खाली इजा होऊ नये म्हणून तसाच ठेवला. काढलेले वेष्टन तपासणीला पाठवायला मी आवर्जून सांगितले होते, कारण खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती दुर्मीळ प्रकारचा लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) आढळल्यामुळेच २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीची बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घेतली गेली होती. माझे इम्प्लांट गुळगुळीत होते आणि अहवालही निर्दोष आला. आवळल्यासारखे दुखणे थांबले, काखेतली नसेची जळजळ मात्र राहिली.

आता पट्टीकडे वळते. जखम पूर्ण भरल्यावरच ती लावायची, दिवसातून किमान १२ तास ठेवायची आणि हे दोन-तीन महिने तरी चालवायचे, हे बहुतेकांना माहीत असेल. माझी तक्रार काखेकडच्या टोकाबद्दल आहे. हात जरा वर केला की ते टोक सुटते, त्याला कपड्याचे तंतू चिकटतात आणि एकदा तंतू चिकटले की ते पुन्हा बसत नाही. वरून चिकटपट्टी लावली तर कातडी लाल होते. कोपरे गोल कापल्यावर थोडा फरक पडला, पण कोपरे गोल करून देणे हे उत्पादकाचे काम आहे, माझे नव्हे. शिवाय पट्टी रुंद आणि व्रण अरुंद असतो, त्यामुळे मी ती उभी कापून एकीच्या दोन करते, सौम्य साबणाने धुऊन वाऱ्यावर वाळवते आणि चिकटणे पूर्ण थांबेपर्यंत टाकत नाही.

मध्यंतरी विचारले असते तर ही पट्टी घेऊ नका, असेच मी सांगितले असते. पण फिजिओथेरपिस्टनी दाखवून दिले की व्रणाचा मधला भाग सपाट आणि फिका झाला आहे, तर पट्टी सुटत असे त्याच टोकाला तो अजून जाड आणि लाल आहे. तिथे कातडीवर ताणही अधिक असतो, त्यामुळे हा पक्का पुरावा नव्हे, तरी माझे मत बदलायला तो पुरेसा ठरला.

एक गोष्ट मात्र पट्टीकडून होत नाही. कातडी खालच्या थराला चिकटली असेल आणि हात वर नेताना छातीत ओढ बसत असेल, तर तिथे बोटेच लागतात. मालिश करताना बोटे कातडीवरून घसरू द्यायची नाहीत, तर कातडीच खालच्या थरावर सरकेल एवढा दाब देऊन उभी, आडवी आणि गोलाकार फिरवायची. जिथे स्पर्श कळत नाही तिथे दाबाचा अंदाज आरशात रंग पाहून घ्यावा लागतो, आणि अशा जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण भाजले तरी कळत नाही. रेडिएशन झालेली कातडी नाजूक असल्याने मालिश कधी सुरू करायची हे सर्जनना विचारूनच ठरवावे. आणखी एक अडचण म्हणजे तेलाचा अंश राहिला तर पट्टी चिकटत नाही, त्यामुळे मालिश, मग धुणे, मग कातडी पूर्ण कोरडी करणे आणि मग पट्टी, असा क्रम पाळावा लागतो.

व्रण पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष लागू शकते, म्हणून पट्टीचे दुसरे पाकीट मी घेतले आहे. काखेकडच्या टोकाला मात्र आता सिलिकॉनचे जेल लावते. ते सुकेपर्यंत हात वर धरून उभे राहावे लागते, आणि त्याबद्दल माझी वेगळी तक्रार आहे.