नमुन्यातली खरखरसुद्धा खोटी होती

जुन्या तबकड्या संगणकात उतरवून घेण्यासाठी टर्नटेबल शोधत असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मला विकलेल्या यंत्राच्या जाहिरातीतला जवळजवळ प्रत्येक तांत्रिक दावा खोटा निघाला. दावेही असे निवडलेले की यंत्र लावून दोन गाणी ऐकली तर कुणाला संशय येऊ नये.

ज्या तबकड्यांसाठी ही खरेदी होती त्या माझ्या नाहीत. ओळखीतल्या एका वयस्कर गायिकाबाईंनी त्या विश्वासाने माझ्याकडे सोपवल्या आहेत. त्यांतल्या काही मोजक्या प्रती काढून आपसात वाटलेल्या आहेत, सीडीवर कधीच न आलेल्या. अशा तबकड्यांसाठी टर्नटेबल नुसतं वाजून भागत नाही. ऐकताना वेग थोडा चुकला तर गाण्याबरोबर ती चूकही संपते. फाइलमध्ये मात्र ती कायमची बसते, आणि उद्या तबकडी फुटली की तीच फाइल मूळ म्हणून उरते.

जाहिरातीत लिहिलं होतं: मॅग्नेटिक कार्ट्रिज (पिनेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), हिऱ्याची पिन, वजन कमी-जास्त करता येणारा टोनआर्म (पिन धरणारा हात), आतच फोनो प्रीअ‍ॅम्प (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) आणि यूएसबीतून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग. शिवाय मिनिटाला ३३, ४५ आणि ७८ फेरे असे तिन्ही वेग. मी विक्रेत्याला लेखी विचारलं की पिनेचा भार किती ठेवता येतो. उत्तर आलं, "ताई, दोन ग्रॅमवर सेट करूनच पाठवतो, काळजी नको." उत्तर अगदी बरोबर होतं. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा भार साधारण दीड ते अडीच ग्रॅम असतो. त्याला काय उत्तर द्यायचं ते पक्कं ठाऊक होतं. सोबत त्याने "याच मशीनवरून घेतलेला" म्हणून एका गाण्याचा नमुनाही पाठवला. गाणं सुंदर, मागे हलकीशी खरखर. नमुन्याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण फसवणुकीचा सगळ्यात निर्ढावलेला भाग तोच आहे.

यंत्र आलं. लाकडी रंगाची पेटी, टोनआर्मच्या मागच्या टोकाला चकचकीत धातूचं गोल वजन, त्यावर आकडेही कोरलेले. खऱ्या टोनआर्मला हे वजन फिरवत गेलं की एका जागी हात पिनेसकट हवेत आडवा तरंगतो. तो शून्य भार. तिथून पुढे हवे तितके ग्रॅम द्यायचे. या यंत्रात वजन कितीही फिरवलं तरी हात धपकन खालीच. पिनेचा भार मोजायचा छोटा काटा माझ्याकडे आहे. वजन पूर्ण मागे नेलं तरी काटा पाच ग्रॅमच्या वर, पूर्ण पुढे आणलं तरी तेवढाच. वजन आतून पोकळ प्लास्टिकचं होतं आणि वर धातूचा पत्रा. ते केवळ शोभेचं होतं.

ध्वनिमुद्रणाची कामं करणाऱ्या एका मित्राला यंत्र दाखवलं. कार्ट्रिजकडे पाहताच त्याने सांगितलं की हे सिरॅमिक आहे, मॅग्नेटिक नाही. फरक समजून घ्या. तबकडी कापताना खालचे सूर दाबतात आणि वरचे चढवतात, म्हणून वाजवताना नेमकं उलट करावं लागतं. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून त्याचं आरआयएए हे ठरलेलं प्रमाण आहे, आणि फोनो प्रीअ‍ॅम्प हेच काम करतो. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो, त्यामुळे त्याला चांगला प्रीअ‍ॅम्प लागतोच. सिरॅमिक कार्ट्रिज शेकडो मिलिव्होल्ट देतं आणि ही दुरुस्ती त्याच्या स्वभावातच अंदाजपंचे होऊन जाते. बनवणाऱ्याचा खर्च वाचतो. किंमत तबकडी मोजते: भार दुपटीहून जास्त, पिन ताठर, खाचेतली बारीक वळणं तिला पाळता येत नाहीत आणि ती त्यांना घासत जाते. एक मात्र सांगायला हवं, भार जितका कमी तितकं बरं असंही नाही. कार्ट्रिजला लागतो त्यापेक्षा हलकी पिन मोठ्या आवाजाच्या जागी खाचेत उडते आणि तीही नुकसान करते.

मग रेकॉर्डिंग तपासलं. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम पाहता येतो, म्हणजे कुठल्या क्षणी किती उंचीचे सूर आहेत त्याचं चित्र. ९६ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९६ हजार वेळा आवाज मोजलेल्या, फाइलमध्ये ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. संगीत तिथवर जात नाही हे खरं, पण तबकडीवरचा ओरखडा जातो. त्याची टकटक इतकी तीक्ष्ण असते की चित्रात ती उभ्या रेघेसारखी वरपर्यंत दिसायला हवी. माझ्या फाइलमध्ये प्रत्येक रेघ २२ किलोहर्ट्झच्या आसपास एका सरळ ओळीत कापलेली होती. आतली चिप साध्या ४४.१ किलोहर्ट्झची. तिचाच आवाज फुगवून ९६च्या फाइलमध्ये भरलेला. प्रत्येक मोजणीचा बारकावा बिटांत असतो, आणि इथे २४ बिटांपैकी शेवटचे आठ बिट सबंध रिकामे. तसं पाहिलं तर ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट म्हणजे सीडीचा दर्जा, आणि बहुतेक तबकड्यांना तो पुरतो. पण मग तेच लिहायचं होतं. पोकळ फाइल मात्र मिनिटाला १० एमबीऐवजी ३४ एमबी जागा खाते.

वेगाची कथा आणखी वाईट. चाचणीच्या तबकडीवर ३,१५० हर्ट्झचा स्थिर सूर असतो. तो इथे ३,२३० च्या आसपास वाजत होता, म्हणजे सुमारे अडीच टक्के जलद. षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यात साधारण सहा टक्क्यांचं अंतर असतं, त्यावरून गायिकेची पट्टी किती सरकली असती याचा अंदाज करा. एकसारखी चूक सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करता येते. पण हा सूर थरथरतही होता. मधलं भोक किंचित बाजूला पडलेल्या तबकडीचा सूरसुद्धा हेलकावतो, मात्र ३३⅓च्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा असल्यामुळे तो हेलकावा नेमका तेवढ्या अंतराने येतो. इथली थरथर त्याहून खूप जलद होती, म्हणजे दोष मोटर आणि पट्ट्याचा. लांबवलेल्या स्वरात अशी थरथर एकदा फाइलमध्ये गेली की निस्तरणं फार कठीण.

७८च्या वेगाचं थोडक्यात सांगते. त्या तबकड्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते आणि तिला वेगळी, जाड टोकाची पिन लागते. यंत्रासोबत पिन एकच होती. नुसता वेग दिला म्हणून ७८ची तबकडी नीट वाजत नाही.

आता तो नमुना. मित्राने त्याच गाण्याची सीडीवरची प्रत घेतली, दोन्ही फाइल एकाखाली एक ठेवल्या आणि सुरुवात जुळवली. शेवटपर्यंत दोन्ही तंतोतंत जुळून राहिल्या. टर्नटेबलवरून घेतलेल्या गाण्यात हे होऊच शकत नाही. वेगात हजारात एक भाग फरक पडला तरी पाच मिनिटांच्या गाण्यात तीन दशांश सेकंदांचं अंतर पडतं. मग त्याने एका फाइलची लहर उलटी (वरची खाली, खालची वर) करून दुसरीत मिसळली. गाणं नाहीसं झालं आणि मागे उरली फक्त खरखर, स्वच्छ आणि एकटी. म्हणजे सीडीवरचं गाणं घेऊन त्यावर तबकडीची खरखर वरून ओतली होती. ती खरखरही बनावट. स्टिरिओ खाचेच्या दोन भिंती म्हणजे दोन चॅनेल. धुळीचा कण बहुधा एका भिंतीला जास्त लागतो, म्हणून खऱ्या तबकडीची टकटक कधी डावीकडे, कधी उजवीकडे ऐकू येते. इथे प्रत्येक टकटक दोन्ही बाजूंना सारखी होती आणि काही सेकंदांनी तोच तुकडा पुन्हा सुरू व्हायचा. जुनी तबकडी ऐकताना माणसाच्या मनात जी माया दाटून येते, तिचाच उपयोग करून कुणीतरी हे रचलं होतं. मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

बाईंची एकही तबकडी या यंत्राखाली गेली नाही. नव्या यंत्रावर आधी माझीच एखादी एलपी लावायची हा माझा शिरस्ता आहे. त्या एलपीचं मात्र नुकसान झालं. मित्राच्या चांगल्या टर्नटेबलवरून घेतलेलं तिचं जुनं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. चाचण्यांनंतर ती पुन्हा त्याच टर्नटेबलवर लावली, तर 'स' आणि 'श' फाटून येतात, जिथे आधी ते स्वच्छ होते. खाच झिजली की कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणत नाही.

विक्रेत्याला कळवल्यावर पहिलं उत्तर, "ताई, जुन्या रेकॉर्ड आहेत, असा आवाज येणारच." फोटो पाठवल्यावर, "तुम्हाला सेटिंग जमलं नसेल." नमुन्याबद्दल विचारलं आणि उत्तरं थांबली. ज्या विक्री-साइटवरून घेतलं तिथे तक्रार केली. तिथे एक गोष्ट कामी आली. आवाज आवडला नाही असं मी कुठेच लिहिलं नाही. वर्णनात जे लिहिलं होतं ते वस्तूत नाही, एवढंच मांडलं: जाहिरातीचे स्क्रीनशॉट, "दोन ग्रॅम" असं सांगणारा संदेश, शेजारी पाच ग्रॅम दाखवणाऱ्या काट्याचा फोटो. पैसे परत मिळाले, पाठवणीचा खर्च सोडून. आवाजावर वाद घालत बसले असते तर प्रकरण मतावर गेलं असतं. ग्रॅमवर वाद होत नाही.

तुम्ही यंत्र घेणार असाल तर विक्रेत्याकडे गाण्याचा तुकडा मागू नका. सबंध बाजूची न कापलेली फाइल मागा, आणि तबकडी कुठली ते तुम्ही सांगा. पिन टेकल्याचा आवाज, गाण्याआधीची रिकामी खाच, शेवटचं गाणं आणि त्यानंतरची खाच, सगळं त्यात हवं. शेवटचं गाणं मुद्दाम ऐका. बाहेरच्या कडेला खाच पिनेखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने जाते, आतल्या टोकाला जेमतेम २० ते २२, त्यामुळे वाईट पिनेचं पितळ तिथेच उघडं पडतं. टोनआर्म हवेत तरंगत असल्याचा आणि वजन फिरवल्यावर तो झुकत असल्याचा सलग व्हिडिओ मागा. कार्ट्रिजचा मॉडेल क्रमांक विचारा आणि त्या मॉडेलची बदली पिन स्वतंत्रपणे मिळते का ते शोधा. हिऱ्याची पिनसुद्धा काहीशे तासांनी बदलावी लागते, तेव्हा ज्या कार्ट्रिजची पिनच मिळत नाही ते घेऊन उपयोग नाही. माझं मत विचाराल तर यूएसबीच्या मोहात पडूच नका. चांगलं साधं टर्नटेबल, वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प आणि वेगळा ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी पेटी) घ्या. प्रत्येक भाग वेगळा तपासता येतो आणि बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

मी तक्रार केल्यानंतर ती जाहिरात दिसेनाशी झाली होती. आता ती दुसऱ्या नावाने परत आली आहे. फोटो तेच आहेत, आणि "दोन ग्रॅम" हे शब्द आता वर्णनातच घातलेले आहेत. फोटोत टोनआर्मच्या वजनावरचे आकडे नीट पाहा: ते शून्यापासून सुरू होत नाहीत, आणि दोन्ही फोटोंत वजन नेमकं एकाच जागी आहे. नमुना मागितला तर तो तेच गाणं पाठवेल.