मे महिन्यात शिवलेला सूट, सहा इंटरव्ह्यूंनंतर

नोकरी लागली, तेव्हा आता खरं सांगायला हरकत नाही. मेमध्ये सूट शिवला, आज जानेवारी. सहा इंटरव्ह्यू झाले. चारला अख्खा सूट घातला, एक ऑनलाइन होता (वर कोट, खाली बर्मुडा), आणि एकाला नुसती पॅन्ट.

त्याआधी कॉलेजच्या कॅम्पस इंटरव्ह्यूला दाजींचा कोट नेला होता. रिसेप्शनचा, मरून, कॉलरला काळं सॅटिन. मागच्या कटावरचा पांढरा फुलीचा टाका लग्नाला तीन वर्षं झाली तरी कुणी उसवला नव्हता. तो टाका दुकानात घडी मोडू नये म्हणून असतो, घालण्याआधी काढायचा असतो, हे मला तरी कुठं ठाऊक? समोरचे सर म्हणाले, "इथून परस्पर वरातीला काय?"

आपल्याकडं कोल्हापुरात अडचण हीच आहे. महाद्वार रोड घ्या नाहीतर राजारामपुरी, सूट म्हटलं की पहिला प्रश्न, "लग्न कधी?" मग पुढ्यात जोधपुरी आणि चमचमणारं कापड. साधा नेव्ही ब्लू, चमक नको, हे मला प्रत्येक दुकानात दोनदा सांगावं लागलं. काळाही दाखवला, आरशात मी वकील कमी आणि कार्यालयातला वाढपी जास्त दिसलो.

रेडिमेड घालून पाहिले, खांद्यात अडलं. कोटाची कंबर आत घेता येते, बाही आखूड होते, पण खांदा मोठा असला की टेलर हात जोडतो, कारण बाही उसवून वरचं सगळं काम नव्यानं करावं लागतं. शिलाई आपल्या खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे. माझे खांदे उतरते (तालमीचं तोंड कधी पाहिलं नाही), म्हणून शिवायचं ठरलं. टेरीवूल (पॉलिस्टर-लोकर मिश्र कापड), 58 इंच पन्हा, सव्वातीन मीटर, 1,100 रुपये मीटर. शिलाई 4,500. एकूण 8,075.

टेलरमामांनी विचारलं, "आत पेस्टिंग का शिवलेला कॅनव्हास?" पेस्टिंग म्हणजे आतला थर गरम प्रेसनं कापडाला चिकटवतात, कॅनव्हास टाक्यांनी धरलेला असतो, त्याला वेळ आणि पैसे जास्त. मी पेस्टिंग म्हणालो. ते जुलैत नडलं. पुण्याच्या इंटरव्ह्यूला स्वारगेटला उतरलो आणि पावसानं गाठलं. घरी आल्यावर ओलसर कोट तसाच लाँड्रीत टाकला, त्यांनी कडक इस्त्री मारली, आणि छातीवर पुरळ उठल्यासारखे बारीक फुगे आले. ओल आणि उष्णता एकत्र आली की आतला गोंद सुटतो. मामांनी वरून कापड ठेवून बेतानं दाबून दिलं, निम्मे बसले. बाकीचे लांबून दिसत नाहीत, मी मात्र आरशात आधी तेच शोधतो. ऑगस्टमध्ये कपाटात कॉलरवर बुरशी धरली ते वेगळंच. प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं. ते काढून सुती धोतरात गुंडाळून ठेवल्यापासून त्रास नाही.

एक गोष्ट मात्र मामांनी न सांगता केली: पॅन्टच्या कमरेत दोन इंच माया (शिवणीत दुमडलेलं जादा कापड) सोडली. ऑक्टोबरात ती सगळी लागली. मिसळ.

आता नुसत्या पॅन्टचा इंटरव्ह्यू. शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री. गेटवरच साहेब म्हणाले, "कोट ठेवा हितं, आधी शॉपवर जाऊ." ते स्वतः अर्ध्या बाहीच्या शर्टात. भट्टीशेजारी उभं राहून वीस मिनिटं प्रश्न, आणि तीच नोकरी लागली.

कोट अजून ठीक आहे, पॅन्ट संपली. मांडीला आतून विरली, बसायच्या जागी इस्त्रीची चकाकी आली. कोट माणूस पोचल्यावर चढवतो. पॅन्ट मात्र एसटीत, रिक्षात, बाकावर सगळीकडं घासते. सूट शिवताना सव्वा मीटर कापड जास्त घेऊन दोन पॅन्टी करायला हव्या होत्या, एवढं एक चुकलं. दिवाळीत त्याच दुकानात त्याच नंबरचं कापड मागितलं. मिळालं, पण लॉट नवा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलं, बाहेर उन्हात कोटापेक्षा चांगलंच उजळ. तरी शिवली. कामावर तीच घालतो, वर चेक्सचा शर्ट.