लाल औषध आणि ट्रास्टुझुमॅब : हृदयाला कोणाचा त्रास कसा?

डॉक्सोरुबिसिन, म्हणजे कॅन्सरच्या केमोत सलाईनमधून जाणारं ते लालभडक औषध, हृदयाच्या पेशीच मारतं. त्या परत येत नाहीत, म्हणून हिशेब आयुष्यभरात मिळालेल्या एकूण डोसचा. शरीराच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मि.ग्रॅ.ला सुमारे ५ टक्के रुग्णांचं हृदय कमकुवत पडतं, ५५० ला तब्बल २६ टक्के. कधी त्रास कित्येक वर्षांनी डोकं वर काढतो.

ट्रास्टुझुमॅब (स्तनाच्या काही कॅन्सरवरचं औषध, ही खरं तर केमो नव्हेच) हृदयाच्या पेशी सहसा मारत नाही, दमवतं. थांबवलं की पंपिंग बहुधा सुधारतं. म्हणूनच दर तीन महिन्यांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मला हे कमी भीतीदायक वाटतं. पण लाल औषधाच्या गटातलं औषध आणि ट्रास्टुझुमॅब एकदमच दिलं तेव्हा, २००१ च्या चाचणीत, २७ टक्के रुग्णांच्या हृदयावर परिणाम दिसला. आता सहसा आधी लाल, मग हे.